एका दिवसात ३५ कोटी रोपे: इथिओपियाचे कौतुक कितपत रास्त? (चर्चामंचावरील संवाद; ‘माळरान’, ‘पाणलोट’ आणि ‘काळी माती’ ही बोलणाऱ्यांची टोपणनावे)

माळरान: २९ जुलै २०१९ रोजी इथिओपियाने एका दिवसात ३५ कोटींहून अधिक रोपे लावली, म्हणून भूसंवर्धन त्या देशाकडून शिकावे, अशी पोस्ट येथे कालपासून फिरते आहे. हा आकडा सरकारचा आहे, आणि त्यांतील किती रोपे जगली याबद्दल पोस्टमध्ये चकार शब्द नाही. शिकायचेच असेल तर पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशाकडून शिकावे. तेथील मारादी आणि झिंडर भागांत १९८०च्या दशकापासून शेतकऱ्यांनी लागवडीचा गाजावाजा न करता जुन्या खुंटांना फुटणारे धुमारे राखले आणि सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परत आणली.

पाणलोट: सरकारी मोहीम म्हटली की ती दिखाऊच, हा ग्रह मला मान्य नाही. मी उत्तर इथिओपियातील तिग्राई प्रांतात काही वर्षे शिकवत होतो. सुगी आटोपली की घराघरांतून माणसे विनामोबदला डोंगरावर दगडी बांध रचायला जात, आणि चराईबंदी केलेल्या उतारावर गुडघाभर गवत वाढलेले मी स्वतः पाहिले आहे. सरकारने रेटा लावला नसता तर हे घडले नसते.

काळी माती: या मोहिमांमध्ये निलगिरीचे काय, हे कोणीच का विचारत नाही? आमच्या शेजाऱ्याने बांधावर निलगिरी लावल्यापासून त्या कडेची ज्वारी धरत नाही. तिग्राईच्या प्रादेशिक सरकारनेही १९९७ मध्ये शेतजमिनीवर ती लावण्यास बंदी घातली होती.

पाणलोट: तुमच्या बांधावरची ज्वारी इथिओपियाला लागू करू नका. सम्राट मेनेलिक दुसरे यांच्या काळात अदिस अबाबाभोवतीचे सरपण संपत आले, तेव्हा निलगिरीनेच ते शहर तारले. आजही शेतकरी ती आपखुशीने लावतो, कारण बांधकामाला लागणारे सरळ वासे अडीनडीला विकता येतात. त्या शहरालगतच्या एंटोटो डोंगराच्या उतारावरून स्वतःच्या उंचीपेक्षा लांब फांद्यांचा भारा पाठीवर घेऊन वाकून उतरणाऱ्या बायकांना तुम्ही निलगिरीचे तोटे सांगणार आहात काय?

काळी माती: त्या बायकांचे कष्ट पुढे करून, निलगिरी शेजारच्या पिकाचे पाणी ओढून घेते हा प्रश्न टाळता येणार नाही. सरपण हवे हे मान्य. परंतु ते पिकाच्या उरावर नको.

माळरान: निलगिरी टिकली, कारण तिचे पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. नायजरमध्ये वसाहतकाळापासून झाड सरकारचे मानले जाई आणि स्वतःच्या शेतातील झाड तोडले तरी वनरक्षक दंड करी. मग ते कोण वाढू देणार? हा जाच ढिला झाल्यावर शेतकऱ्यांनी ‘गाओ’ हे झाड आवर्जून राखले. ते पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे बाजरीवर सावली पडत नाही, आणि कोरड्या दिवसांत त्याच्या शेंगा गुरांना मिळतात.

पाणलोट: हक्काचा मुद्दा तुमचा खरा, तेवढा नाइलाजाने मान्य करतो. इथिओपियाच्या १९९५च्या राज्यघटनेनुसार जमीन राज्याची आणि जनतेची आहे. शेतकऱ्याला ती कसता येते, विकता येत नाही. परंतु नायजरमध्येसुद्धा दंडाचा जाच कमी झाला तो सरकारने धोरण बदलल्यामुळेच. शिवाय ज्या डोंगरावर एकही जिवंत खूट उरलेला नाही, तेथे धुमारे कशाचे राखायचे?

माळरान: तेथे लागवड करावीच लागेल, हे मी नाकारत नाही. मात्र त्या डोंगरावरचे गवत आणि लाकूड कोणत्या गावाने कापायचे, हे पहिला खड्डा खणण्यापूर्वी लेखी ठरले पाहिजे.