टाचेमागची शीर धरली आहे आणि श्रावण तोंडावर आलाय, मदत हवी आहे

अबोली४७ | २४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीची, वय ४७, नोकरी बँकेत. आमचा चौदा जणींचा मंगळागौरीचा ग्रुप आहे. हौस म्हणून सुरू केला, आता श्रावणात आठ-दहा सुपाऱ्या असतात. वर्षभर काही नाही आणि मेच्या मध्यापासून एकदम आठवड्यातून चार दिवस, दीड-दीड तास सराव. सोसायटीच्या हॉलमध्ये, लादीवर, अनवाणी. बसफुगडी आणि कोंबडा, म्हणजे उकिडवं बसून उड्या मारायचे खेळ, माझ्याकडे, कारण ग्रुपमध्ये गुडघे धड असलेली मीच!

तिसऱ्या आठवड्यात डाव्या पायाला टाचेच्या मागे, साधारण तीन बोटं वर, दुखायला लागलं. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली दहा-बारा पावलं लंगडत, मग मोकळं होतं. सरावाच्या सुरुवातीला दुखतं, मध्ये विसरायला होतं, रात्री ठणकतं. चिमटीत धरली तर ती शीर उजव्या पायापेक्षा जाड लागते.

डॉक्टरांनी ‘अकिलीस टेंडनायटिस’ सांगून पाच दिवस गोळ्या आणि दहा दिवस विश्रांती दिली. इमानेइतबारे केली, दुखणं गेलं. परवा सरावाला गेले तर वीस मिनिटांत पुन्हा तेच.

आता मैत्रीण म्हणते इंजेक्शन घे, एका दिवसात नाचशील. सासूबाई म्हणतात शीर चोळून घे. मी काय करू? आणि श्रावणात उभी राहू शकेन का, ते खरं खरं सांगा.

सुगरणबाई | २४ जून, रात्री ११:१५

आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून कोमट लेप लाव गं. माझ्या आईचा पाय मुरगळला तेव्हा छान उतार पडला होता.

टेकडीवेडा | २५ जून, सकाळी ६:०५

ताई, लेपाने गार वाटेल, पण हे मुरगळणं नाही. मी सातारच्या हिल मॅरेथॉनसाठी हीच माती खाल्ली आहे. यवतेश्वरचा घाट चढायचा म्हणून पुण्यात महिन्याभरात टेकडीच्या फेऱ्या दुप्पट केल्या. चढावर टाच खाली राहते आणि सगळा भार त्या शिरेवर येतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक! दुखलं की विश्रांती, बरं वाटलं की पळ, असं तीन वेळा केलं आणि आठ महिने घालवले. शेवटी फिजिओने जिन्याच्या पायरीवर उभं केलं. भयंकर कंटाळवाणा व्यायाम आहे, पण त्यानेच सुटलो.

फिजिओ_मनवा | २५ जून, दुपारी २:३०

अबोलीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय बघितल्याशिवाय निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते अगदी नमुनेदार आहे.

आधी हे की ती शीर किंवा नस नव्हे, कंडरा आहे. (माझी आजी तिला घोडशीर म्हणायची.) पोटरीचे दोन स्नायू खाली एकत्र येऊन ही कंडरा होते आणि टाचेच्या हाडाला चिकटते. शरीरातली सगळ्यात जाड कंडरा हीच, धावताना तिच्यावर वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो. बसफुगडीत तुम्ही चवड्यांवर उड्याच मारता. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरेला महिने लागतात. दम टिकतोय म्हणून तुम्ही सराव वाढवत गेलात आणि कंडरा मागे राहिली.

‘आयटिस’ म्हणजे दाह. पण अशा रेंगाळलेल्या दुखण्यात दाह फारसा नसतो, तंतूंची वीण विस्कटलेली असते. म्हणून आता आम्ही टेंडिनोपथी म्हणतो. गोळ्यांनी दुखणं झाकलं, वीण तशीच राहिली. नुसत्या विश्रांतीने कंडरेची ताकद आणखी उतरते, म्हणून वीस मिनिटांत परत दुखलं. तिला भार हवा असतो, पण मोजून.

स्वीडनचे डॉ. हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेला व्यायाम आजही पाया मानतात. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, कठडा धरायचा. दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या, मग दुखऱ्या पायावर भार घेऊन ती टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची. पंधराचे तीन संच गुडघा सरळ ठेवून, तीन संच किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. तुम्ही पहिला आठवडा दोन्ही पायांवर, सपाट जमिनीवरच करा. सोपं झालं की पायरी, तेही सोपं झालं की पाठीवर सॅक आणि तिच्यात तांदळाची पिशवी.

करताना दुखेल. दहापैकी पाचपर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा आदल्या सकाळपेक्षा वाढता कामा नये. वाढला तर आदल्या दिवशी जास्त झालं, तेवढं कमी करायचं. रोज सकाळी दहापैकी किती, तो आकडा वहीत लिहा.

टाचेच्या हाडावरच दुखत असतं तर पायरीच्या खाली टाच नेऊ नका म्हटलं असतं. उकिडवं बसणं आणि सूर्यनमस्कारातलं पर्वतासनही थांबवलं असतं, कारण त्यात कंडरा हाडावर दाबली जाते. तुमचं तीन बोटं वर आहे, तेव्हा ती अडचण नाही.

बुटात टाचेखाली पॅड घालायला सगळे सांगतात. पण आपल्याकडे बाई दिवसातले कितीतरी तास घरात अनवाणी, ओट्याशी उभी! म्हणून घरात घालायला थोडी उंच टाचेची मऊ चप्पल वेगळी ठेवा. सपाट कोल्हापुरी काही महिने कपाटात.

कंडरेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन नको, ती तुटायचा धोका वाढतो. दुखऱ्या जागी रगडून चोळूही नका, पोटरी हलक्या हाताने चोळली तर हरकत नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. गेल्या तीन-चार महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंत का? मधुमेह? सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तास टिकतो का, कंबरही धरते का?

अबोली४७ | २५ जून, रात्री ९:५०

बाई गं, मनवाताई! साखर नाही, कंबर ठीक, ताठरपणा पाच मिनिटांत जातो. पण एप्रिलच्या शेवटी लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सात दिवस गोळ्या घेतल्या होत्या. चिठ्ठी शोधली, लिव्होफ्लॉक्सासिन. त्याचा टाचेशी काय संबंध?

फिजिओ_मनवा | २५ जून, रात्री १०:२०

संबंध आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या औषधांनी कंडरा दुखावते, क्वचित तुटतेही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००८ साली यासाठी ठळक चौकटीतली सूचना छापायला लावली. साठीच्या पुढे किंवा सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका जास्त. त्रास औषध संपल्यावर काही महिन्यांनीही होऊ शकतो. तुमच्या बाबतीत गोळी कारण की उड्या, हे सांगता येणार नाही, कदाचित दोन्ही. ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा, पुढच्या वेळी दुसरं औषध देता येईल. तोवर उडी एकही नको आणि व्यायाम त्यांना विचारूनच सुरू करा.

नाना_ठाणे | २६ जून, सकाळी ८:००

ताई, हे गांभीर्याने घ्या. मी ५२व्या वर्षी बॅडमिंटन खेळताना असंच दुखणं अंगावर काढलं. एके दिवशी फट्कन आवाज आला. मागून कुणी लाथ मारली म्हणून वळून पाहिलं, तर मागे कुणीच नाही. कंडरा तुटली होती. डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली, पाऊल हललंच नाही. धड पायावर ते आपोआप हलतं. असं झालं तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं, लेप लावत बसायचं नाही. (सुगरणबाई, राग नसावा.)

सुगरणबाई | २६ जून, सकाळी ८:१२

राग कसला! नवऱ्याला वाचायला दिलं, तोही दर रविवारी शटल मारायला जातो.

अबोली४७ | ११ ऑगस्ट, रात्री ११:३०

धागा वर काढतेय. डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली, सोनोग्राफी केली. कंडरा जाड झाली आहे, फाटलेली नाही. व्यायामाला परवानगी मिळाली, आज सहावा आठवडा. सकाळचा आकडा सहावरून दोनवर आला. उजव्या पायावर २२ वेळा टाच उचलते, डाव्यावर ९ वेळा, त्यामुळे कार्यक्रमांना उभी राहते ती गाणी म्हणायला. बसफुगडी ग्रुपमधल्या २६ वर्षांच्या मुलीला दिली. पहिल्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तिलाही आता सरावाआधी पायरीवर उभी करते.

मनवाताई, बारा आठवडे संपले की थेट उड्या मारायच्या की आधी दोरी?

फिजिओ_मनवा | १२ ऑगस्ट, दुपारी १:१०

बारा आठवडे झाले म्हणून नाही, डावा पाय उजव्याच्या जवळपास आला म्हणून. वीसपर्यंत पोहोचा, मग जागच्या जागी दोन्ही पायांवर वीस हलक्या उड्या, एक दिवस आड, बूट घालून. दुसऱ्या सकाळचा आकडा वाढला नाही तर पुढे. दोरी त्यानंतर, कोंबडा सगळ्यात शेवटी. आणि पुढच्या वर्षी सराव मेमध्ये सुरू करायचा असेल, तर पायरी फेब्रुवारीत.