162 पैकी 121 हरले: हे लोक मुद्दाम हरून राह्यले होते का?

संत्राबाग_वरूड

राम राम मंडळी. बेसबॉलमधले जाणकार इथं असतील तं एक शंका आहे.

2024 च्या उन्हाळ्यात मामेभावानं मला या खेळाचं याड लावलं. तेव्हा आमच्या फिडरवर थ्री फेज रात्रीची होती. बागेला पाणी देऊन मोटर बंद करतो तं पहाटेचे पाच वाजत, अन् शिकागोतला संध्याकाळचा सामना नेमका तेव्हाच सुरू होत असे. म्हणून माझा संघ शिकागो व्हाइट सॉक्स. दुसरं काहीच कारण नाही.

निवडला तं कोणता निवडला, बाप्पा! 162 सामन्यांत 41 जिंकले, 121 हरले. 1900 पासून एका मोसमात इतकं कोणीच हरलं नव्हतं, 1962 चे न्यूयॉर्क मेट्सही 120 वर थांबले होते. सुरुवातीच्या 25 सामन्यांत विजय फक्त 3. पण जुलैत कहर झाला. आषाढी एकादशीच्या आठवडाभर आधी जे हरायला लागले, ते श्रावण लागला तरी हरूनच राह्यले होते. सलग 21! शेवटी ऑकलंडमध्ये 5-1 नं जिंकले. मी तेव्हा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन झाडाखाली उभा राहून फोन पाहून राह्यलो होतो, अन् आई बांधावरून विचारून राह्यली होती की औषध झाडावर मारतं का मोबाईलवर. दोनच दिवसांनी मॅनेजर पेड्रो ग्रिफोलला काढून टाकलं.

आता शंका. पानठेल्यावर माझा एक दोस्त म्हणते का हे सगळं ठरवून असते. तिकडे खालच्या नंबरच्या संघाला नव्या पोरांच्या निवडीत आधी नंबर भेटते, म्हणून मुद्दाम हरतात म्हणे. खालच्या लीगमध्ये ढकलायची भीती तं नाहीच. हे खरं आहे का? खरं असल तं मी दुसरा संघ पकडतो. इतक्या पहाटे काहून जागू?

अंबाझरी_एंड

डॉजर्स पकड भाऊ. ओहतानीसारखा स्टार खेळाडू आहे. 2024 आणि 2025, दोन्ही वर्ल्ड सिरीज (मोसमाच्या शेवटची विजेतेपदाची लढत) त्यांच्याच. विषय संपला.

पीटीसर_दर्यापूर

अंबाझरीवाले, तुम्ही संपला म्हटल्यानं विषय संपत नाही.

वरूडकर, मी निवृत्त क्रीडा शिक्षक. नोकरीत असताना पोरींना सॉफ्टबॉल शिकवला, त्यातून बेसबॉलची गोडी लागली. तुझ्या दोस्ताचं अर्धं बरोबर आहे. पूर्वी ड्राफ्टचा, म्हणजे त्या नव्या पोरांच्या निवडीचा, नंबर सरळ उलट्या क्रमानं लागे, जो शेवटी तो पहिला. संघ त्याचा फायदा घ्यायला लागले म्हणून 2023 च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागांसाठी चिठ्ठ्या निघतात. सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या नंबराची संधी सारखीच, प्रत्येकी 16.5 टक्के. म्हणजे तिसरा वाईट आणि पहिला वाईट यांत फरकच ठेवला नाही.

त्यात आणखी एक मेख आहे, अन् तीच तुझ्या संघाला नडली. लीगमध्ये जास्त कमाईवाले संघ कमी कमाईवाल्यांना पैसे देतात. या महसूल वाटपात जे संघ पैसे देणाऱ्यांत मोडतात, त्यांना लागोपाठ दोन वर्षं त्या पहिल्या सहांत जागा भेटत नाही. व्हाइट सॉक्सला 2024 साठी पाचवा नंबर भेटून चुकला होता. म्हणून 121 हरूनही 2025 च्या ड्राफ्टला त्यांच्या पदरात दहावा नंबर. आणि ही अट मोसमाचा पहिला चेंडू पडायच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होती. मग मुद्दाम हरून कमवायचं काय?

मुद्दाम बुडवलेला संघच पाहायचा असेल तर 1899 चा क्लीव्हलँड स्पायडर्स पाहा. मालक रॉबिसन बंधूंनी सेंट लुईसचाही संघ घेतला आणि साय यंगसकट सगळे चांगले खेळाडू तिकडे नेले. क्लीव्हलँड 20 जिंकले, 134 हरले. त्याला म्हणतात ठरवून.

व्हाइट सॉक्सच्या मैदानावरचा माणूस हरायला आला नव्हता. त्याचं पुढच्या वर्षीचं पोट त्याच्या आकड्यांवर असते. हरणं शिजलं ते वरच्या मजल्यावर. त्यांचा मोसम सुरू व्हायला दोन आठवडे उरले असताना डिलन सीझ हा मुख्य पिचर (चेंडू टाकणारा) सॅन डिएगोला देऊन टाकला. तुझे लोक सलग हरत होते ना, त्याच दिवसांत, 25 जुलैला, या सीझनं तिकडे नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात समोरच्यांना एकही हिट नाही! जुलैच्या शेवटी एरिक फेडी गेला सेंट लुईसला, मायकेल कोपेक गेला डॉजर्सकडे. कोपेकला त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजची अंगठी. 2021 ला 93 सामने जिंकून गटात पहिला आलेला संघ तीन वर्षांत असा रिकामा केला.

पण मला सांग, पहाटे जागून तू क्रोशे पाहिला का नाही? गॅरेट क्रोशे, डावखुरा. 2022 ला कोपराची शस्त्रक्रिया झालेली. मोठ्या लीगमध्ये पहिल्या चेंडूपासून सामना त्यानं कधी टाकलाच नव्हता, नेहमी मधेच यायचा. त्याला थेट 2024 च्या सलामीला उभा केला. डेट्रॉइटविरुद्ध सहा इनिंग, आठ स्ट्राइकआउट (बॅटरला चेंडू न मारू देता पिचरनं केलेला बाद), रन दिला एक. सामना हरले 1-0. मी तेव्हाच बायकोला म्हटलं, या पोराचं काही खरं नाही.

मोसमभरात 146 इनिंगमध्ये 209 स्ट्राइकआउट. हिशोब कर. इनिंगला तीन गडी, म्हणजे 146 इनिंगचे 438. त्यातले जवळपास निम्मे त्यानं मागच्या सात जणांना चेंडूला हात लावू न देता परत पाठवले. अन् सामन्याचा निकाल पिचरच्या नावावर लागते, त्यात याच्या नावावर विजय 6, पराभव 12! जुलैपासून तं चार इनिंगच्या वर टाकूच देत नव्हते. हात जपायचा होता हे कारण आहेच, पण व्यापारी बाग पाहायला यायचा असला की आपण फळाला हात लावत नाही, तसाही तो प्रकार होता. डिसेंबरात विकलाच बोस्टन रेड सॉक्सला, चार तरुण खेळाडूंच्या बदल्यात. पुढच्या वर्षी तिकडे 18 विजय आणि 255 स्ट्राइकआउट.

आमच्या शाळेचा संघ तालुक्याच्या पुढे फारसा गेला नाही. ग्लोव्ह इतके कमी, की डाव बदलला की एका संघानं मैदानात ठेवून जायचे आणि दुसऱ्यानं तेच उचलायचे. तरी एक पिचर पोरगी अशी होती, की आम्ही हरत असलो तरी समोरच्या शाळेचे सर आमच्या बाजूला येऊन तिचे चेंडू पाहत उभे राहत. मी म्हणतो, संघ बदलू नको. पिचर कोण आहे ते पाहून अलार्म लाव.

संत्राबाग_वरूड

सर, ड्राफ्टचं पटलं. दोस्ताला आज संध्याकाळी खर्रा त्याच्या खिशातून खायला लावतो.

क्रोशे पाहिला होता, पण विजय 6 पाहून मला वाटलं साधाच असल. आणखी एक विचारतो. सप्टेंबरात घरच्या शेवटच्या तिन्ही सामन्यांत यांनी एंजल्सला हरवलं. अन् स्टेडियममधले लोक खुश व्हायचे सोडून "संघ विका" म्हणून ओरडून राह्यले होते. मग ते होते कोणाच्या बाजूनं?

कॅचर_हिंगणघाट

दादा, ते मालकासाठी होतं. जेरी राइन्सडॉर्फ 1981 पासून त्या संघाचे मालक आहेत आणि लोकांचा राग खेळाडूंवर कमी, त्यांच्यावर जास्त. तेव्हा संघ 120 पराभवांवर येऊन अडकला होता. नवा विक्रम आपल्या डोळ्यांसमोर व्हावा म्हणूनही बरेच जण तिकीट काढून आले होते. पोरांनी तिन्ही जिंकून त्यांचा पोपट केला! मला तर त्या मोसमातलं तेच सर्वांत आवडलं.

121 वा पराभव मग 27 सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये झाला, 4-1. आणि त्याच विजयानं डेट्रॉइटचा प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीतला प्रवेश, पक्का झाला, 2014 नंतर पहिल्यांदा. एका बाजूचे लोक नाचत होते, दुसऱ्या बाजूचे मान खाली घालून किट भरत होते.

सरांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त थोडं पुढचं सांगते. 2025 ला संघ 60-102 वर आला. चांगला नाहीच, पण 19 विजय वाढले. (शिवाय त्याच वर्षी मे महिन्यात नवे पोप झालेले लिओ चौदावे शिकागोचे आणि पक्के व्हाइट सॉक्सवाले. 2005 च्या वर्ल्ड सिरीजला ते स्टेडियममध्ये बसलेले टीव्हीवर दिसले होते. म्हणजे प्रार्थनेची बाजू आता भक्कम आहे.)

क्रोशेच्या बदल्यात आलेल्या चौघांपैकी काइल टील आणि चेस माइड्रॉथ 2025 मध्ये मुख्य संघात खेळायला लागले. टील कॅचर आहे, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरचा चेंडू झेलणारा. मी शाळेत कॅचर होते, म्हणून माझं ऐका. फोनवर सगळे पिचरकडे पाहतात. तुम्ही एखाद्या इनिंगभर टीलच्या ग्लोव्हकडे पाहा, चेंडू पडायच्या आधी तो कुठे धरतो ते. पुढचा चेंडू कुठे येणार हे मग तुम्हाला बॅटरच्या आधी कळायला लागेल.