एकाच दुकान-साखळीला विक्रीचे हक्क दिले, तर लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने विकायचं काय?

पखवाजवाला_परळ:
आमच्या भजनी मंडळाचे माइक मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या, लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून येतात. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढंच दुकान. परवा नेहमीचं मॉडेल मागितलं तर मालक म्हणाले, "कंपनीने सगळे हक्क एका मोठ्या साखळीला दिलेत. आमचा माल बंद." मग मॉलमधल्या शोरूमला गेलो. तिथल्या मुलाला विचारलं, आमच्या मिक्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (वायरीतूनच माइकला जाणारी वीज) नाही, हा चालेल का? त्याने खोक्यावरचं वाचून दाखवलं. बारीकसारीक आवाज टिपणाऱ्या कंडेन्सर माइकला ती लागते, साध्या डायनॅमिकला नाही, एवढंही ठाऊक नाही! लॅमिंग्टनवाल्यांनी पहिल्याच वेळी विचारलं होतं, "बसता कुठे?" चाळीतली खोली, डोक्यावर पंखा, भिंतीपलीकडे कुकर. "मग कंडेन्सर नकोच. तो तुमच्या बुवांच्या आधी पंखा पकडेल."
माझं म्हणणं सरळ आहे. असले करार छोट्या जाणकार दुकानदाराच्या मुळावर येतात, बंदी घाला.

सेल्समधला_म्हातारा:
बंदी कशाची, साहेब? कोणाला माल द्यायचा ते कंपनीच ठरवणार. डिस्ट्रिब्युशनमध्ये आयुष्य गेलंय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. छोटा डीलर चार नग उचलतो, पेमेंटसाठी फोन केला की "पुढच्या सोमवारी", आणि त्याच काउंटरखाली बिनबिलाचा, कंपनीला वगळून आलेला 'ग्रे'चा माल असतो. साखळी आगाऊ पैसे देते, डेमो मांडते, जाहिरात करते. नवा ब्रँड आणायचा खर्च एकाने करायचा आणि शेजाऱ्याने शंभर रुपये कमी करून गिऱ्हाईक ओढायचं, हे कोण सहन करेल?

पखवाजवाला_परळ:
गिऱ्हाईक ओढलं कोणी? माइक कसा निवडायचा ते छोट्याने शिकवलं, बिल फाडलं मॉलने.

कलम_कसाई:
बंदीची मागणी कायद्यात बसत नाही. स्पर्धा कायदा २००२, कलम ३(४): एकाधिकार वितरणाचा, म्हणजे एकालाच माल द्यायचा करार मुळातच बेकायदा नाही, त्याने स्पर्धेला ठळक बाधा येते हे दाखवावं लागतं. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला (पुढे अपिलं झालीच). का? सुटे भाग अधिकृत डीलरांपुरतेच ठेवून बाहेरच्या गॅरेजवाल्यांना अडवलं. गाडी एकदा घेतली की भाग त्याच कंपनीचा लागतो, गिऱ्हाईक अडकलेलं असतं. माइकच्या बाजारात दहा ब्रँड आहेत, तिथे आयोग ढुंकून बघणार नाही. कायदा गिऱ्हाइकाला पर्याय आहे का ते बघतो, दुकानदाराच्या घरची चूल नाही.
शिवाय माल बाहेरून आणता येतोच. सॅमसंगच्या प्रिंटरांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये अस्सल मालाच्या समांतर आयातीला (कंपनीच्या अधिकृत वितरकाला वगळून माल आणण्याला) मोकळीक दिली. अट एवढीच की कंपनीची हमी नाही, अशी ठळक पाटी दुकानात लावायची.

गल्ल्यावर_बसलेला:
वकीलसाहेब, एकदा आणून बघा. वायरलेस माइक म्हटला की डब्ल्यूपीसीची, म्हणजे सरकारच्या वायरलेस विभागाची मंजुरी. सोबत अडॅप्टर आला की त्याला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी, तीही कारखान्याच्या नावाने. कारखाना माझ्यासाठी कशाला धावेल? वर प्रत्येक खोक्यावर आयातदाराचा पत्ता आणि एमआरपी. हे सगळं दहा नगांसाठी! कागदावरचा हक्क काय चाटायचाय?
ग्रेच्या मालाबद्दल म्हणाल तर, हो, काही जण ठेवतात. अधिकृत नळ बंद केलात की ते वाढणार.

बोरीवली_लोकल:
ऑनलाइनला निदान नियम आहे. परकीय गुंतवणुकीच्या ॲमेझॉनसारख्या ऑनलाइन बाजारपेठांना फेब्रुवारी २०१९ पासून विक्रेत्याला 'फक्त आमच्याकडेच वीक' अशी सक्ती करता येत नाही.

गल्ल्यावर_बसलेला:
आणि तरी जानेवारी २०२० मध्ये आयोगाला ॲमेझॉन-फ्लिपकार्टची चौकशी लावावी लागली. तक्रारीत मोबाइलच्या एक्सक्लुझिव्ह लाँचचाच मुद्दा होता. सक्ती कशाला लागते, 'समजूत' पुरते.

पखवाजवाला_परळ:
बरं, बंदी राहू द्या बाजूला. मग निदान मोटारींचा न्याय इथेही लावा. माइकची जाळी, कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग), क्लिप हे कोणत्याही दुकानाला रोख पैसे टाकून मिळालंच पाहिजे. आज दुरुस्तीचा भाग मागितला तर "सर्व्हिस सेंटरला पाठवा" म्हणतात, आणि आमचा हरिनाम सप्ताह काही त्यांची वाट बघत थांबत नाही.

सेल्समधला_म्हातारा:
सुट्या भागांचं पटलं. नव्या मालाचं नाही. आणि दुकानदाराकडे एवढं ज्ञान आहे ना, मग ते विकावं की. सल्ल्याचे, जोडणीचे वेगळे पैसे घ्यावेत.

गल्ल्यावर_बसलेला:
लॅमिंग्टन रोडवर सल्ल्याचे पैसे? काका, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन तोच प्रश्न फुकट विचारेल. आणि शेजारचा मलाच फोन करेल.