ड्राइव्ह ६,००० टनांचा, जहाज ६,३०० टनांचं: जम्प ड्राइव्हचा मेळ कसा घालायचा?

धूमकेतू
ऑरोरा फोर-एक्स (अंतराळ साम्राज्य उभारायचा संगणक खेळ), सी-शार्प आवृत्ती. जम्प ड्राइव्ह म्हणजे जम्प पॉइंटमधून जहाजाला दुसऱ्या तारामंडळात नेणारं यंत्र. एफिशियन्सी ४, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या वजनाच्या चौपट टनांचं जहाज नेतो. ड्राइव्ह सोडून विनाशिकेचं वजन ४,८०० टन भरतं. ४,८०० टन नेणारा ड्राइव्ह (स्वतःचं वजन १,२०० टन) बसवला, तर जहाज ६,००० टनांवर गेलं. मग ६,००० चा ड्राइव्ह (१,५०० टन) घेतला, तर ६,३००. हा पाठशिवणीचा खेळ थांबणार कुठे? आणि दर वेळी नवा ड्राइव्ह म्हणजे नवं संशोधन.

खलाशी
ड्राइव्ह स्वतःचंही वजन वाहतो, म्हणून हे होतं. एकदाच गणित करा. ड्राइव्ह सोडून वजन घ्या, त्याला एफिशियन्सीने गुणा आणि एफिशियन्सी वजा एकने भागा. ४,८०० गुणिले ४ भागिले ३, म्हणजे ६,४०० टन. ड्राइव्ह १,६०० टनांचा, म्हणजे ३२ एचएस (एचएस म्हणजे हल स्पेस, १ एचएस = ५० टन).

पण नेमका ६,४०० चा ड्राइव्ह संशोधनाला टाकू नका. जहाज वाढलं की पृष्ठभाग वाढतो, तेवढ्याच थरांच्या चिलखताला जास्त टन लागतात, खलाशांच्या खोल्याही वाढतात. ६,६०० चा करा: ३३ एचएस, १,६५० टन. जहाज ६,४५० वर येतं आणि चिलखतासाठी १५० टन हातात राहतात.

वेगाचंही बघा. तीच इंजिनं ठेवली, तर ४,८०० टनांना ४,००० किमी प्रति सेकंद असलेला वेग ६,६०० टनांना साधारण २,९०० वर येतो. वेग राखायला इंजिन वाढवलंत, तर हे सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे उलट दिशेने जाणं बरं: आधी ड्राइव्हचा आकडा ठरवा, तेवढ्यात जहाज बसवा.

एफिशियन्सी ५ झाली तर हेच जहाज ६,००० टनांत बसतं, ८ झाली तर ५,५०० च्या आत. ४ वरून ५ ला जाण्यात ४०० टन वाचतात. पुढे प्रत्येक पायरीला फायदा घटत जातो.

तारांगण७
खलाशींचं गणित बरोबर आहे, पण प्रत्येक विनाशिकेत ड्राइव्ह कशाला? सहा जहाजांचा ताफा धरा. प्रत्येकी १,६०० प्रमाणे ९,६०० टन नुसते ड्राइव्ह. त्याऐवजी टेंडर करा, म्हणजे ड्राइव्ह वाहून बाकीच्यांना पार नेणारं जहाज. विनाशिका ४,८०० टनांचीच ठेवा, टेंडरही बरोबर ४,८०० चा. त्यात १,२०० टनांचा ड्राइव्ह आणि उरलेल्या ३,६०० त इंजिन, इंधन, चिलखत. शस्त्रं काढली की आरामात बसतं. इंजिनं तीच ठेवलीत तर वेगही जुळतो.

नुसतं पलीकडे जायचं असेल, तर टेंडर जम्प पॉइंटवर उभा करून साध्या पारगमनाने सगळी जहाजं काढता येतात. पलीकडे शत्रू वाट बघत असेल तर स्क्वॉड्रन पारगमन हवं, म्हणजे तुकडीने एकत्र उडी. ड्राइव्हवर जे ३-५० दिसतं, त्याचा अर्थ तीन जहाजांची तुकडी, पॉइंटपासून ५० हजार किमीपर्यंत उगवणारी. तुकडी टेंडर धरूनच मोजा, म्हणजे सहा विनाशिकांना तीन टेंडर. साध्या पारगमनात जहाजं थेट पॉइंटवरच उगवतात आणि फायर कंट्रोल (नेम धरणारी यंत्रणा) जास्त वेळ बंद राहतं. दबा धरून बसलेल्याला याहून सोपं काय हवं!

टेंडर एकच असेल आणि तो पलीकडे बुडाला, तर पॉइंट स्थिर केलेला (ड्राइव्हशिवाय पार होता येईल असा) नसल्यास ताफा तिथेच अडकतो. एक जादा ठेवाच.

धूमकेतू
टेंडरच करतो. मालवाहू जहाजांसाठी कमर्शियल ड्राइव्ह करणार आहे. लढाऊ जहाजं त्यातूनच नेली तर?

खलाशी
जमणार नाही. कमर्शियल ड्राइव्ह लष्करी इंजिनाच्या जहाजाला नेत नाही, मग क्षमता कितीही असो. इथे फरक शस्त्रांनी पडत नाही, इंजिनाने पडतो: कमीत कमी २५ एचएस आकार आणि पॉवर ५० टक्क्यांपर्यंत असेल तरच ते कमर्शियल.

मालवाहूला वेगळा हिशेब लागतोच. एक साधं कार्गो होल्ड २५,००० टनांचं, म्हणजे जहाज सहज ४०,००० च्या आसपास. एफिशियन्सी ४ ला ड्राइव्हच १०,००० टनांचा. नेहमीच्या मार्गावर त्यापेक्षा पॉइंट स्थिर करणं स्वस्त पडतं.

तारांगण७
एक राहिलं. माल किंवा इंधन भरल्याने टनेज वाढत नाही, हँगरमधल्या फायटरनेही नाही; फायटर वाहकाबरोबर फुकट पार होतात. वाढतं ते रिफिटमध्ये, म्हणजे बांधलेल्या जहाजात फेरबदल करताना. चिलखताचा एक थर वाढवला आणि ४,८०० चं ४,८५० झालं, की टेंडर त्या जहाजाला नेत नाही. शिपयार्डची क्षमताही तेवढी लागते, तेव्हा डिझाइन लॉक करण्याआधी दोन्ही आकडे बघा.

धूमकेतू
मग विनाशिका ४,७०० वर थांबवतो, ड्राइव्ह ४,८०० चाच.