नेट आलं की देश श्रीमंत होतो का?

गाळेवाला, मार्केट यार्ड: कांदा-बटाट्याचा धंदा आहे. आता हमालाच्या चहाचे पैसेसुद्धा क्यूआरवर. पुतण्या म्हणतो, नेट वाढलं की जगात कुठेही विकासदर वाढतो. मला वाटतं, आधी पैसा येतो, मग नेट. खरं काय?

सदाशिवपेठी: शंका रास्त. जागतिक बँकेच्या २००९ च्या अभ्यासात ब्रॉडबँडचं प्रमाण १० टक्के बिंदूंनी वाढलं, तिथे विकसनशील देशांचा विकासदर सुमारे १.३८ बिंदूंनी जास्त दिसला. पण दोन गोष्टी जोडीने वाढल्या, एवढंच त्यातून कळतं.

कोथरूडची काकू: केनिया बघा. एम-पेसा म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, २००७ ची, साध्या फोनवर, नेटशिवाय! २०१६ च्या अभ्यासानुसार त्यामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं गरिबीतून बाहेर आली.

सदाशिवपेठी: दादा, तुमच्या जवळचं उदाहरण केरळचं. १९९७ नंतर मोबाइल आले, होडीतूनच कुठल्या किनाऱ्यावर काय भाव ते कळू लागलं. मासे फेकून देणं जवळजवळ थांबलं. मच्छीमारांचा नफा ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासा ४ टक्के स्वस्त.

गाळेवाला: हे पटलं. भाव कळणं म्हणजे अर्धा धंदा. पण होडी वळवता येते हो. जुन्नरच्या शेतकऱ्याला लासलगावचा भाव मोबाइलवर दिसतो, टेम्पोचं भाडं कोण देणार?