मदत हवी आहे : मुलांना लीनता शिकवायची आहे, पण तिचा अर्थ गप्प बसणे असा होऊ नये

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत (दर आठवड्याच्या बायबल वर्गात) तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचा वर्ग मी गेली चार वर्षे घेत आहे. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा लीनतेविषयीचा दुसरा अध्याय वाचून झाल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, “शाळेत माझ्या मैत्रिणीला सगळे चिडवत होते आणि मी काहीच बोलले नाही. ही लीनता झाली का?” मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही, आणि ते आजही मनाला लागून आहे.

घरी येऊन मी योहानाचे शुभवर्तमान पुन्हा उघडले. तेराव्या अध्यायात शिष्यांचे पाय धुणारा येशू अठराव्या अध्यायात, महायाजकासमोर शिपायाने चपराक मारल्यावर, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याला सरळ विचारतो. पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८८२ साली, म्हणजे बाप्तिस्मा घेण्याच्या आदल्या वर्षी, त्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीडॉक्टर हवेत अशी स्पष्ट साक्ष दिली. पुढे त्याच बाई केडगावला दुष्काळातून आणलेल्या मुलींमध्ये राहिल्या आणि साध्या बायकांना कळावे म्हणून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करत राहिल्या. या दोन उदाहरणांवरून मी त्या मुलीशी बोलणार आहे.

लीनतेबरोबर मुलांना पवित्रताही शिकवायची आहे, आणि तिच्या बाबतीत माझी अडचण अधिक मोठी आहे. आम्ही मोठ्यांनी वर्षानुवर्षे मुलांना पवित्र जीवन म्हणजे काय करायचे नाही याचीच यादी दिली, आणि मुले आमच्यासमोर ती पाळतात, एवढेच. वास्तविक लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात ‘पवित्र असा’ ही आज्ञा दिल्यानंतर शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावे, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवू नये, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये असे सांगितले आहे. चिडवल्या जाणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न मला इथेच बसतो असे वाटते.

म्हणून गेल्या महिन्यात मुलांना मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे पाणी भरायला, औषधे आणून द्यायला पाठवले. मुलांनी मनापासून काम केले, पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसवर त्या आजी-आजोबांचे फोटो होते. एका आजींना ते अजिबात आवडले नाही. फोटोंवर बंदी घातली तर यादीत आणखी एक ‘नाही’ वाढेल. काहीच बोललो नाही तर सेवेचे प्रदर्शन होईल. या वयाच्या मुलांसोबत काम करणाऱ्यांनी हे कसे हाताळले? मुलांनी आपणहून फोटो न काढण्याचे ठरवावे, यासाठी त्यांच्याशी बोलायला सुरुवात कुठून करावी?