नागपूरहून 'द लाइन' बघायला जायचं आहे, जानेवारीत जमेल का?

धंतोलीकर
नमस्कार मंडळी. जानेवारीत आठ दिवस आहेत. आई-बाबा, बायको, दहावीतली मुलगी आणि मी, असे पाच जण. मुलीला आर्किटेक्चरला जायचं आहे, म्हणून सौदीतलं नियोम आणि त्यातलं 'द लाइन' हे सरळ रेषेत आखलेलं शहर दाखवायचं डोक्यात आहे. एक एजंट 'नियोम सिटी टूर, दोन रात्री' असं पॅकेज सांगून राहिला आणि ॲडव्हान्स मागून राहिला. आत खरंच जाता येतं का? व्हिसाचं कसं? आणि हे नाही जमलं, तर वाळवंटात वसवलेलं असं दुसरं कोणतं शहर बघण्यासारखं आहे?

क्रेनखाली
भाऊ, ॲडव्हान्स देऊ नका.

नियोम हे एक शहर नाही. सौदीच्या वायव्येकडच्या ताबुक प्रांतातला २६,५०० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याच्या अडीचपटीहून मोठा. नियोमची घोषणा २०१७ ची, 'द लाइन'ची २०२१ ची. लांबी १७० किमी, रुंदी २०० मीटर, उंची ५०० मीटर, वस्ती ९० लाख, हे सगळे आराखड्यातले आकडे. जागेवर जे आहे ते खोदलेला चर, पाइलिंग (पायासाठी जमिनीत रोवलेले खांब), क्रेन आणि कामगारांच्या वसाहती. 'द लाइन'ची बाहेरून दिसणारी आरशाची भिंत फक्त संगणकावरच्या चित्रांत आहे. पहिला टप्पा अडीच किलोमीटरच्या आसपास आणल्याच्या बातम्या २०२४ मध्येच आल्या आणि २०२५ मध्ये सगळ्या कामाचा फेरआढावा सुरू झाला. कामाच्या हद्दीत पासशिवाय सोडत नाहीत, आणि पास कामावरच्या माणसाला असतो, पर्यटकाला नाही. नियोममधल्याच सिंदालाह बेटाच्या उद्घाटनाचा मोठा समारंभ ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, तोही निमंत्रितांसाठी.

एजंटकडून तीन गोष्टी लेखी मागा: मुक्कामाचं हॉटेल नेमकं कोणत्या गावात, प्रवेशाची परवानगी कोणी दिली, आणि प्रवेश नाकारला तर परतावा किती. 'नियोम बे विमानतळावर उतरवतो' या वाक्यावर जाऊ नका. विमानतळ खरा आहे, पण त्याच्याबाहेर बघायला शहर नाही.

हिजाझ_रस्ता
वरचं बरोबर आहे. तरी त्याच भागात जायचं असेल तर शहर सोडा आणि जमीन बघा, ती फार सुंदर आहे.

व्हिसा: भारतीय पासपोर्टवर सौदीचा ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) चालू आणि एकदा तरी वापरलेला व्हिसा असेल तर मिळतो. नाहीतर व्हिसा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. पाच जणांचं हे काम धरून किमान महिनाभर आधी सुरुवात करा आणि पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवा.

रस्ता: मुंबईहून जेद्दा किंवा रियाध, तिथून देशांतर्गत विमानाने ताबुक, पुढे भाड्याची गाडी. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून निघतो, सारथी पोर्टलवर अर्ज, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. गाडी उजव्या बाजूने चालवायची आणि वेगावर कॅमेऱ्यांची नजर असते. अल-बद गावाजवळच्या प्राचीन नबातियन लोकांच्या लेण्या, मकना गावाचा किनारा आणि तय्यिब अल-इस्मची ग्रॅनाइटची घळ, एवढं एका दिवसात होतं. घळ नियोमच्या हद्दीत येते, त्यामुळे रस्ता बंद मिळू शकतो, दुसरा बेत हाताशी असू द्या. दोन दिवस अल-उलाला द्या. तिथल्या हेग्राला, म्हणजे नबातियनांच्या प्राचीन शहराला, खाजगी गाडी नेता येत नाही, वेळेचं तिकीट काढून त्यांच्याच बसने जावं लागतं.

ताबुक समुद्रसपाटीपासून साडेसातशेहून जास्त मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्री पारा पाच अंशांखाली जातो, आई-बाबांसाठी जाड स्वेटर हवेतच. आणि ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय बंदी आहे.

सावलीचा_नकाशा
मुलीसाठी जायचं असेल तर माझं स्पष्ट मत: मसदार सिटी. अबू धाबीत, झायेद विमानतळाला लागून. २००६ मध्ये सुरू झालेलं, नॉर्मन फॉस्टर यांच्या फर्मने आखलेलं, साधारण सहा चौरस किलोमीटरचं. ना फाटक, ना तिकीट. लोक तिथे राहतात, शिकतात, काम करतात, म्हणून ते तपासून बघता येतं.

विद्यापीठाच्या चौकापासून सुरू करा. वसतिगृहांच्या बाल्कन्यांवर लाल मातीच्या रंगाच्या नागमोडी जाळ्या आहेत: ऊन अडतं, वारा येतो, घरातलं बाहेर दिसत नाही. समोर प्रयोगशाळांच्या भिंतींवर हवा भरलेल्या पारदर्शक उशा बसवल्या आहेत. मुलीला भर उन्हात हात लावून बघू द्या, फारशी तापलेली लागत नाही. मग गल्लीची रुंदी पावलांनी मोजू द्या आणि दुपारी सावली समोरच्या भिंतीवर कुठवर चढते ते वहीत काढू द्या. पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा हे जास्त कळतं.

मधला वाऱ्याचा मनोरा ४५ मीटर उंच आहे. वरच्या झडपा वाऱ्याच्या दिशेने उघडतात, तुषार सोडले जातात, गार हवा खाली येते. मे महिन्यात आपला ताटीचा कूलर चालतो तेच तत्त्व. म्हणूनच ऑगस्टात समुद्राची दमट हवा आली की मनोऱ्याचा जोर कमी पडतो, जसा पावसाळ्यात घरचा कूलर नुसता चिकचिक करतो. जानेवारीत मनोऱ्याची गरजच कमी असते, पण रचना नीट बघता येते.

चालकाशिवायच्या छोट्या गाड्या, हा भाग ज्या चौथऱ्यावर उभा आहे त्याच्या खालून धावतात, रस्त्यात बसवलेल्या चुंबकांवरून वाट ओळखत. चार मोठे आणि दोन लहान बसतात, तुम्हाला दोन लागतील. सगळं शहर चौथऱ्यावर उचलून खाली हेच जाळं पसरायचं होतं. खर्च झेपेना, दरम्यान विजेवरच्या साध्या गाड्या आल्या, आणि प्रवाशांसाठी दोनच थांबे उरले. २०१६ पर्यंत शहर पूर्ण होणार होतं, बांधकाम अजून चालू आहे. 'द लाइन'ची चित्रं बघण्याआधी मुलीने हे बघावं असं मला मनापासून वाटतं.

शनिवार-रविवार टाळा. २०२२ पासून अमिरातीत त्याच सुट्ट्या आहेत आणि मसदार ओस पडतं. तीन तास पुरतात.

धंतोलीकर
मग अमिरातच ठरवतो. आईचे गुडघे दुखतात. प्रवास कसा आखू?

सावलीचा_नकाशा
नागपूरहून शारजाचं थेट विमान बघा, रोज नसतं, त्यामुळे तारखा त्याप्रमाणे ठरवा. मुक्काम दुबईत मेट्रोच्या रेड लाइनजवळ घ्या. म्युझियम ऑफ द फ्यूचर आणि एक्स्पो सिटी दोन्ही याच लाइनवर. म्युझियमचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढा, जागेवर मिळेलच असं नाही.

मसदारला बसने जाऊ नका. दुबईतल्या इब्न बतूता स्थानकाहून बस आहे, पण ती मसदार मागे टाकून थेट अबू धाबीच्या मुख्य स्थानकावर नेते. तिथून तीसेक किलोमीटर उलटं यावं लागतं आणि साध्या टॅक्सीत चारच जण मावतात. दुबईहूनच सात आसनी गाडी दिवसभरासाठी घ्या. चौक सपाट आहे, सावलीत बाकं आहेत. आईंना तिथे बसवून तुम्ही गल्ल्या फिरून या.

मसाला_गिरणी
एक महत्त्वाचं राहिलं, सामान. खसखस अमिरातीत आणि सौदीत अमली पदार्थांत मोडते, थोडीशी सापडली तरी अटक होऊ शकते. म्हणजे सावजी मसाला, घरचा गरम मसाला आणि अनारसे, तिन्ही घरीच ठेवा. बॅगेचे कोपरे झटकून घ्या, जुन्या डब्यातले दाणे शिवणीत अडकतात. खर्रा आणि पानही चालत नाही. बाबांच्या औषधांत कोडीन किंवा ट्रॅमाडॉल (अफूच्या वर्गातली औषधं) आहे का ते डॉक्टरांना विचारा. असेल तर नुसती चिठ्ठी पुरत नाही, तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते.